यशोदाबाई कुठे आहेत?

१

“जिला बोलायला लावलंस, तिला रोज एक फोन करत जा.”

सासूबाईंनी हे कांदा चिरता चिरता सांगितलं होतं. मी माझ्या लेकीला, तेजूला, भरवत होते आणि रिकाम्या हातानं मोबाईल चाळत होते. आमचा व्हिडिओ किती जणांनी बघितला ते बघायचं मला वेडच लागलं होतं.

“अहो आई, यशोदाकाकी ग्रुपवर असतात की. ऑनलाइन दिसतात.”

“दिसतंय म्हंजे बरी हाय, असं कुठं हाय?”

मी हसले आणि विसरले.

मग एका मंगळवारी सकाळी यशोदाकाकींच्याच नंबरावरून ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मागे पांढरी भिंत. काकींच्या डोक्यावर पदर आणि तोंड पूर्ण उघडं. तीन महिने जे तोंड आम्ही धूसर करून लपवलं होतं, ते.

“मी यशोदाबाई, कारवाळीची. आधी बोललो ते खोटं बोललो. वड्यात कोण काय वततंय, मी कायबी बगितलं न्हाय. मला कुणी हुडकू नका. मी बरी हाय. घरातच हाय, भाकरी करून चुलीपुढं बसून बोलालोय.”

मागे कुठं तरी पाखरू बोललं, तीन वेळा, आणि व्हिडिओ संपला. 

मी लगेच फोन लावला. बंद.

प्रकरण असं होतं. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, उद्यमबागेतल्या एका कारखान्यातली ओतकामाची जळकी काळी वाळू टिपर भरभरून जांबोटी रस्त्याला आणली जायची आणि कारवाळीच्या ओढ्यात ओतली जायची. विहिरीच्या पाण्याला तांबूस साय धरली, म्हशी पाण्याला तोंड लावेनात. अख्ख्या गावानं टिपर बघितले होते, खरं बोलायला कोणी तयार नव्हतं. निम्म्या घरातलं कोणी ना कोणी उद्यमबागेत कामाला. आमच्या मोहिमेच्या व्हिडिओत बोलल्या त्या एकट्या यशोदाकाकी. विधवा, एकट्या राहणाऱ्या. टिपरवाल्याला रस्ता दाखवणारा माणूसही त्यांनी ओळखला होता. गुरुवारी खानापूरला सुनावणी होती आणि तिथं काकी पहिल्यांदा उघड्या तोंडानं हे सांगणार होत्या.

मी व्हिडिओ परत लावणार, तोच मष्णूचा फोन आला. मष्णू म्हणजे काकींचा पुतण्या, त्यांच्या शेजारीच राहतो.

“आक्का, शिफ्ट सुटून आत्ता गावात आलतो. काकीच्या दाराला कुलूप हाय. काकी घरात न्हाय, गावातल्या कुनालाच दिसली न्हाय.”

२

एरवी आमच्या बैठका विद्युल्लता मॅडमच्या घरी व्हायच्या. टिळकवाडीतलं त्यांचं जुनं, मोठं घर, मुलगा परदेशात, मॅडम एकट्या. कॉलेजात त्यांनी मला शिकवलं होतं. लेक झाल्यावर मी घरात बसून वेडी व्हायच्या बेतात होते, तेव्हा “घरी बसून पेज सांभाळ, बाळाला मांडीवर घेऊन लढाई करता येते,” असं म्हणून मोहिमेत ओढलं तेही त्यांनीच. तेजूला ते घर फार आवडायचं. दाराच्या वर पाखराच्या आवाजाची बेल होती. ती वाजली की तेजू मान वर करून चिऊ शोधायची, आणि मॅडम तिच्या हातात बिस्किट द्यायच्या.

त्या दिवशी मात्र मॅडम म्हणाल्या, “आज माझ्याकडे नको. रंगकाम काढलंय. हॉटेलातच भेटू.”

टिळकवाडीतल्या उडप्याच्या हॉटेलात आम्ही चौघं बसलो. मॅडम, मष्णू, श्रीनाथ आणि तेजूला घेऊन मी. श्रीनाथ वकिलाचा मुलगा, घरून कंपनीचं काम करतो. आमचे व्हिडिओ आणि पोस्टर त्याच्याच हातचे. हुशार आहे आणि त्याला ते माहीतही आहे.

कोणी कोणाकडे सरळ बघत नव्हतं. मी तर सगळ्यांच्या हातांकडे बघत होते. मष्णूची बोटं कॉफीच्या बशीच्या कडेवर फिरत होती. श्रीनाथचा मोबाईल पालथा ठेवलेला. मोबाईल पालथा ठेवणारा माणूस मला कधीच आवडत नाही.

“चेहरा धूसर केलेला होता, नाव बदललेलं होतं,” श्रीनाथ म्हणाला. “मग कारखान्याला ही बाई कोण ते कळलं कसं? त्या कारखान्यात आपल्यातला कामाला कोण आहे, ते बघा की.”

मष्णूनं मान वर केली. “माझ्याबद्दल बोलालास व्हय रं?”

“मी नाव कुठं घेतलं?”

“न घेता घेतलंस की. अरं, मला तिनं भाकरी घालून वाडवलंय. तुझ्याकडं तिचा उगड्या तोंडाचा व्हिडिओ हाय, कॉम्प्युटरात. तो कुणाला दावलास ते सांग आदी!”

“आवाज खाली कर. हे तुझं गाव नाही.”

“म्हायती हाय. माझ्या गावात असा बोलला असतास तर तुझी कापी तुज्याच डोस्क्यावर असती.”

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मॅडमनी दोघांच्या मध्ये हात ठेवला. “भांडा. म्हणजे कारखानदाराचं काम सोपं होईल. मष्णू, पोलिसात गेलास?”

“स्टेशनात गेलतो. सायबानं माझ्याच मोबाईलवर व्हिडिओ बगितला आनी म्हनाला, बाई सोता सांगालीया बरी हाय म्हनून, मग तक्रार कसली घिऊ?”

“तेच तर त्यांना हवंय,” मॅडम म्हणाल्या. “दबाव आणल्याशिवाय कोणी हलणार नाही. श्रीनाथ, टाक ते.”

कॉफी निवायच्या आत आमच्या मोबाईलवर पोस्टर आलं. काकींचा मोठा फोटो, आणि वर मराठीत आणि कन्नडमध्ये एकच ओळ: यशोदाबाई कुठे आहेत? पुढच्या अर्ध्या तासात ते इतक्या जणांनी पुढं पाठवलं की आमच्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंना मिळून तेवढे बघणारे मिळाले नव्हते. खाली प्रतिक्रियाही येऊ लागल्या. एकानं लिहिलं, आतलाच माणूस असणार. दुसऱ्यानं लिहिलं, तिच्या पुतण्याला विचारा, त्याच कारखान्यात आहे.

मष्णूनं ते वाचलं आणि मोबाईल खिशात घातला.

“मला गावात जाऊन बघायचंय,” मी म्हणाले.

“बाळ घेऊन?” मॅडमनी विचारलं. “रचना, तू घरी थांब. उगाच जोखीम नको.”

माझी एवढी काळजी त्यांनी त्याआधी कधी केली नव्हती.

३

श्रीनाथच्या गाडीनं निघालो. जांबोटीकडची बस दुपारपर्यंत नव्हती. मष्णू मोटारसायकलनं पुढं. मी मागच्या सीटवर, तेजू मांडीवर, आणि दाराचं लॉक उघडं. मुद्दाम उघडं ठेवलं होतं. ओमकारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडीचा नंबर पाठवून ठेवला. तो उद्यमबागेतच एका वर्कशॉपमध्ये आहे. त्यानं लिहिलं, ‘सांभाळून. इथं सगळीकडं तुमचंच पोस्टर फिरतंय.’

“माझ्यावर संशय आहे ना?” श्रीनाथनं आरशातून विचारलं.

“सगळ्यांवर आहे.”

“स्वतःवर?”

मी तेजूचं टोपडं सारखं केलं.

कारवाळीत शिरलो. गावात चिटपाखरू नव्हतं. एकूण एक दाराला कुलूप. गोठे रिकामे, अंगणं न झाडलेली, कुठंही धूर नाही. श्रीनाथनं गाडी थांबवली आणि काच वर केली.

“हे काय? गाव सोडून गेले की काय सगळे? त्यांनी गावालाच धमकावलं?”

मला कळायला थोडा वेळ लागला. मग ओढ्यापलीकडच्या माळावर, काजूच्या झाडांखाली माणसं दिसली. बायका, पोरं, म्हातारी, सगळं गाव. तिथं तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या.

“आज वार आहे,” मी म्हणाले.

“कसला वार? मंगळवार आहे.”

“वार पाळलाय गावानं. पुढच्या वर्षी लक्ष्मीची यात्रा आहे. इतक्या वर्षांनी येते, तर आधी मंगळवार पाळतात. उजाडताना घराला कुलूप घालून सगळ्यांनी गावाबाहेर जायचं, रांधणं-जेवणं शिवारात. दिवस मावळेपर्यंत गावात झाडू फिरवायचा नाही, जातं फिरवायचं नाही. माझ्या माहेरीही करतात.”

मष्णू काकींच्या घरापाशी थांबला होता. चौकटीवरच्या खोबणीत किल्ली सापडली आणि आम्ही आत गेलो. घर आवरलेलं, अंथरुणाची घडी. झटापट झाल्याची कसलीही खूण नाही. हातातली पिशवी आणि नवी चप्पल जागेवर नव्हती.

“सोताच्या पायानं गेलीया,” मष्णू पुटपुटला. “काल शिफ्टला जाताना मला म्हनाली, बेळगावला जाऊन येतो. मला वाटलं, बाजाराला जात आसंल. तिनं नव्ही चप्पल घाटली म्हंजे कुनाच्या तरी घरला जायाचं.”

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचं मडकं होतं, त्याच्या बाजूला ओल्या वाळूत रोवलेलं दुसरं, लहान. मी झाकण काढलं. आत प्लास्टिकच्या डब्यात काकींच्या इन्सुलिनची बाटली. घरात फ्रीज नाही म्हणून अशी ठेवतात.

मष्णूचा चेहरा उतरला. “हे हितंच हाय? आक्का, दोन टायम टोचून घ्यावं लागतंय तिला. मागं एकदा चुकलं तर शुदीत न्हवती.”

काकी कालपासून इन्सुलिनशिवाय होत्या. कोणी पळवलं, का पळवलं, हे सगळं मागं पडलं. आता एवढंच उरलं, की त्या सापडायला हव्यात आणि लवकर सापडायला हव्यात.

मी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली. वळताना नजर चुलीवर गेली. शेणानं सारवलेली, स्वच्छ, थंड चूल. राखेची चिमूटही नाही. सोमवारीच काढून टाकलेली.

“मष्णू, तू व्हिडिओ पूर्ण ऐकलास?”

“न्हाय. ‘मी खोटं बोललो’ म्हनाली, पुडचं ऐकवलंच न्हाय मला.”

मी लावला. ‘घरातच हाय, भाकरी करून चुलीपुढं बसून बोलालोय.’

आम्ही दोघं त्या थंड चुलीपुढं उभे होतो. मष्णू माझ्याकडे बघतच राहिला.

“आज? आज चुलीपुढं?”

४

परतीच्या वाटेवर मष्णू आमच्या गाडीत बसला. गावातून निघताना माळावरून आलेल्या चारपाच जणांनी त्याची मोटारसायकल अडवली होती. पोस्टर त्यांच्यापर्यंतही पोचलं होतं. “काकी कुठं हाय सांग,” म्हणत एकानं त्याची कॉलर धरली. काल एकत्र जेवलेली माणसं. मी मध्ये पडले, कडेवर तेजू होती म्हणून त्यांनी हात आवरला, एवढंच.

श्रीनाथ गाडी चालवत होता. मी मोठ्यानं विचार करत होते. मला तशीच सवय आहे, तेजू झाल्यापासून. दिवसभर उत्तर न देणाऱ्या माणसाशीच बोलायचं असतं.

“काकींनी ते वाक्य मुद्दाम घातलं. आपण घरी नाही हे गावातल्या कोणालाही कळावं म्हणून. म्हणजे समोर मोबाईल धरणाऱ्या माणसाला ते कळलं नाही. कारवाळीचा असता, आसपासच्या कुठल्याही गावचा असता, तर त्यानं तिथंच थांबवलं असतं.”

“म्हणजे मष्णू नाही,” श्रीनाथ म्हणाला. मग मष्णूला म्हणाला, “सॉरी रे.”

“ऱ्हाऊ दे. तू बी गावचा न्हाईस, खरं.”

श्रीनाथचे कान लाल झाले. “मी आई-बाबांबरोबर फ्लॅटमध्ये राहतो. माझ्या खोलीत मांजर लपवलं तरी आईला वासानं कळतं. घरी चल, शोध.”

“कारखान्याचा माणूस असेल,” मी म्हणाले. “पण नवी चप्पल घालून काकी कारखान्याच्या माणसाकडे कशाला जातील? त्या ओळखीच्या घरी गेल्या. विश्वासाच्या. मानाच्या.”

मी व्हिडिओ परत लावला. भिंतीकडे, पदराकडे, डोळ्यांकडे बघत. काकींचा आवाज संपला. पाखरू बोललं.

मांडीवर पेंगत असलेली तेजू ताडकन उठली. खिडकीबाहेर जांबोटी रस्त्याची झाडी होती, खरी पाखरं कलकलत होती. तिकडे तिनं बघितलंही नाही. तिनं मान वर केली, गाडीच्या छताकडे. इकडून तिकडे शोधलं.

“चिऊ?”

आणि मग तळवा पुढं केला. बिस्किटासाठी.

मी व्हिडिओ शेवटून लावला. पाखरू तीन वेळा बोलत होतं, तिन्ही वेळा तंतोतंत तसंच. खरं पाखरू असं बोलत नाही. ते बटण दाबल्यावर बोलतं.

“गाडी थांबव,” मी म्हणाले. “नको. जोरात घे.”

५

खात्री करायला मला अजून एक गोष्ट हवी होती. खरं तर मला खात्री नकोच होती. चुकले असले तर बरं, असंच वाटत होतं.

“श्रीनाथ, पोस्टरचा मजकूर कोणी दिला?”

“मॅडमनी. मी फक्त फोटो बसवला. दोन्ही भाषांत तयारच आला होता.”

दोन्ही भाषांत. आमच्या मोहिमेचा एक नियम आहे. या भागात एकाच भाषेत काही टाकलं की मुद्दा बाजूला राहतो आणि भाषेवरून जुंपते. म्हणून प्रत्येक ओळ मराठीत आणि कन्नडमध्ये, एकाच वेळी. कन्नड आण्णाप्पा मास्तर करून देतात, निवृत्त शिक्षक. आणि मास्तर सकाळी मोबाईलला हात लावत नाहीत. पूजा, शिकवण्या, मग जेवण. सकाळी पाठवलेला मजकूर संध्याकाळी येतो, यावर आम्ही कितीदा वैतागलो होतो. आज तो सकाळीच कॉफीबरोबर आला होता.

मी मास्तरांना फोन केला. ते नुकते जेवून उठले होते.

“मास्तर, ‘यशोदाबाई कुठे आहेत’ हे कन्नड तुम्ही केलंत ना?”

“हो, मीच केलो की. चूक झाली काय, अम्मा?”

“नाही. कधी केलंत?”

“परवा. रविवारी. मॅडम म्हणाली, मास्तर करून ठेवा, लागलं तर लागलं. मी विचारलो, ती बाई तर आहे ना, मग कुठे म्हणून कशाला विचारायचं? ती हसली.” मास्तर थांबले. “रचना, ती बाई खरंच नाही काय?”

रविवारी. काकी सोमवारी गेल्या. गेल्या कुठं, हे विचारणारी ओळ आदल्या दिवशीच तयार होती.

मष्णूला सांगावं लागलं नाही. त्यानं खिडकीबाहेर बघत एवढंच विचारलं, “सरळ मॅडमच्या घराकडं न्हवं, आक्का?”

६

मीच बेल दाबली. पाखरू बोललं. तेजूनं मान वर केली.

मॅडमनी दार अर्धवट उघडलं. हातात मोबाईल. रंगाचा वास नव्हता, डबेही नव्हते.

“अरे, तुम्ही? काही कळलं का?”

“काकी कुठल्या खोलीत आहेत?”

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, पेपर तपासताना बघायच्या तशा. मग बाजूला झाल्या. “वर. झोपलीय. ओरडू नका.”

वरच्या खोलीला बाहेरून कडी होती. ती मष्णूनं काढली. काकी पलंगावर आडव्या, ओठ कोरडे, खाली बादली. उलट्या झाल्या होत्या. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले. श्रीनाथ एक शब्द न बोलता गाडी फिरवायला धावला.

मी जिना उतरून मॅडमपुढं उभी राहिले. “तिला इन्सुलिन लागतं, मॅडम!”

“साखर आहे म्हणाली, मी माझी गोळी दिली तिला. सकाळपासून जरा मळमळतंय, एवढंच—”

“कडी कशाला?”

“खाली उतरली असती. कोणी बघितलं असतं.” त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. “रचना, शांतपणे ऐक. तीन महिने आपण ओरडतोय. कोणी बघितलं? दोन पत्रकारसुद्धा आले नाहीत. आणि आज सकाळपासून बघ.” त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. आकडे धावत होते. “बेंगळुरूचं चॅनेल येतंय. पुण्याचं येतंय. परवा मी तिला हाताला धरून सुनावणीत उभी करणार होते, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर. कारखानदारानं पळवलेली बाई परत आली. तो संपला असता.”

“आणि मष्णू? त्याला आज गावात मारलं असतं.”

“ते मी नंतर सावरलं असतं.”

मष्णू काकींना पाठीवर घेऊन जिना उतरत होता. आमच्या जवळ आल्यावर थांबला. मला वाटलं आता काही तरी बोलेल, शिवी देईल. त्यानं मॅडमच्या पायांकडे बघितलं, मग बाजूच्या कोपऱ्याकडे.

“आक्का, तिची चप्पल तेवडी घे,” म्हणाला. “नव्ही हाय.”

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींना नीट शुद्ध आली. सलाईन लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी तेजूचं नाक ओढलं.

“रचना, चुलीचं ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं, काकी.”

“मॅडमनं बोलिवलं, सुनावनीत कसं बोलायचं शिकवतो म्हनून. आलतो. मग म्हनाली, कारखान्याची मानसं तुला हुडकालीत, हितंच लप, असं असं बोल म्हंजे ती माघारी जातील. मी म्हटलं, बरं. पन माझा मोबाईल घेतला आनी भायेरनं कडी घाटली, तवा माझ्या मनात आलं, लपवून ठेवत्यात त्याला भायेरनं कडी कशाला?”

“आणि चुलीचं त्यांनी चालवून घेतलं?”

काकी हसल्या, खोकल्या. “लई आवडलं की तिला! म्हनाली, हे छान आहे, अगदी खरं वाटतं. खेड्यातली बाई म्हंजे चुलीपुढंच बसनार, न्हाय व्हय?”

७

गुरुवारी काकी सुनावणीला आल्या, दवाखान्यातून सही करून. कारखान्याच्या वकिलानं तोच व्हिडिओ लावला. काकी उठल्या आणि म्हणाल्या, त्या दिवशी आमच्या गावात चूल पेटलेली दाखवा, मी आत्ता माघारी जातो. मागे बसलेली कारवाळीची माणसं एकदम बोलायला लागली. तीन महिने गप्प बसलेली माणसं. आधी चुलीबद्दल बोलली, मग वाराबद्दल, आणि बोलता बोलता टिपरबद्दलही. अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. कारखान्याला नोटीस निघाली. टिपर यायचे थांबले, निदान त्या रस्त्याला तरी.

ज्यानं कॉलर धरली होती, तो मष्णूशी आता बोलतो. मष्णू त्याच्याशी बोलत नाही.

मॅडमची तक्रार काकींनी करू दिली नाही. “एक सुनावनी झाली, तेवडी बास,” म्हणाल्या. मॅडमनी प्रकृतीचं कारण देऊन ग्रुप सोडला. मी सकाळी काकींना फोन करते. त्या वैतागतात. “टोचून घेटलो गं बाई, ठेव आता.”

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर एक नवं पेज आलं. दुसरा तालुका, दगडखाणीचा प्रश्न. प्रत्येक ओळ मराठीत आणि कन्नडमध्ये. पेज कोण चालवतं ते कुठं लिहिलेलं नाही, पण वाक्यांची ठेवण मी ओळखते. त्या ठेवणीचा मजकूर मी तीन महिने टाकत होते. त्यात एका बाईचा व्हिडिओ आहे, तोंड धूसर केलेलं. ती म्हणते, मी बरी आहे, माझ्या घरीच आहे. मी हेडफोन लावून कितीतरी वेळा ऐकला. पाखरू नाही.

म्हणून परवा मुद्दाम टिळकवाडीतल्या त्या गल्लीतून गेले. मॅडमच्या दारावरची बेल काढून टाकलेली आहे. नुसत्या वायरी लोंबतात.

असेलही काही नाही. ओमकार म्हणतो, मला आता सगळीकडे तेच दिसतं. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “त्या बाईला कोन फोन करतंय?”

तिचं नाव मला माहीत नाही. बोलण्यावरून निपाणीकडची वाटते. हातात हिरव्या बांगड्या, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. बोलताना मध्येच पदराचं टोक मुठीत धरते. तुम्ही तिकडचे असाल, आणि अशी कोणी तुमच्या गल्लीत, वस्तीवर, कामाच्या ठिकाणी असेल, तर तिचा व्हिडिओ पुढं पाठवू नका. फोनही करू नका, फोन कोणाच्या हातात आहे ते कळत नाही. तिच्या घरी जा. दार वाजवा. आणि ती स्वतः आतून कडी काढेपर्यंत तिथून हलू नका.